वजन कटतं कुठं, उरतं कुठं

पुणे-बंगळूर महामार्गानं निपाणी सोडून संकेश्वरकडं निघालं, की थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट लागतो. वर स्तवनिधीचं जैन तीर्थ आहे. भरलेले ट्रक इथं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतात. बेळगावकडून कोल्हापूरला जाणाऱ्यांना मात्र हाच घाट उतरायचा असतो. तवंदी घाटात ब्रेक निकामी होऊन कंटेनर घसरल्याची बातमी या पट्ट्यातल्या वाचकांनी कित्येकदा वाचलेली आहे. दक्षिणेकडं वंटमुरी घाटाबद्दलही तसंच ऐकू येतं. ड्रायव्हर मंडळींना विचारलं तर ते सांगतील, की उताराला भीती भरल्या गाडीची, रिकामी गाडी कशीही आवरते.

आता पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडा. उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याच्या गणितात वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं. ठोकळा एक किलोचा असो की एक टनाचा, वेग सारखाच वाढतो. बेळगावात आरपीडी किंवा जीएसएसमध्ये पीयूसी करणारा मुलगा हे शिकतो, आणि निपाणीला खेटून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातली मुलगीही हेच शिकते. अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतं. त्यामुळं एकाच गावासारख्या वस्तीतली दोन मुलं दोन राज्यांच्या सीईटीची तयारी करतात, पण ठोकळा दोघांचा एकच असतो आणि वस्तुमान दोघांचंही कटतं.

मग खरं कोण, ड्रायव्हर की पुस्तक? माझं म्हणणं असं, की दोघंही खरे आहेत. उतरणीची गणितं खऱ्या अर्थानं समजली की नाही, हे त्या दोघांना एका वहीत बसवता येतं का यावरूनच कळतं. सूत्र पाठ असणारी मुलं पुष्कळ आहेत. वजन कुठं कटतं आणि कुठं उरतं हे सांगू शकणारी थोडी.

सुरुवात घाटापासून नको, तंबाखूच्या वखारीपासून करू. निपाणी विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. वखारीच्या दारात ट्रक लागला आहे, ट्रकच्या हौद्यापासून जमिनीपर्यंत एक लाकडी फळी तिरपी टाकली आहे, आणि फळीवर तंबाखूचा एक बोद ठेवला आहे. तो घसरेल का? घसरला तर खाली पोचेपर्यंत किती वेग घेईल?

पहिलं काम चित्र काढण्याचं. बोदावर कोणकोण जोर लावतंय ते मोजायचं, आणि इथं एक साधा नियम पुरतो: पृथ्वी ओढते, बाकी जे जे बोदाला शिवतं तेच ढकलतं किंवा ओढतं. बोदाला शिवलेली आहे फक्त फळी. फळी दोन प्रकारे जोर लावते. एक तिच्या पृष्ठभागाला लंब, बोदाला वर उचलून धरणारा. दुसरा पृष्ठभागाला समांतर, तो घर्षणाचा. संपली यादी. ‘घसरवणारा जोर’ म्हणून चौथा बाण काढायची अनेकांना सवय असते. तो बाण म्हणजे वजनाचाच एक भाग. वजनही काढलं आणि त्याचा तुकडाही वेगळा काढला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

दुसरं काम अक्ष निवडण्याचं, आणि सगळं गणित सोपं होतं ते इथंच. शाळेपासून आडवा-उभा अक्ष काढायची सवय असते. उतरणीवर ती सोडायची. बोद फळीच्या दिशेनंच सरकणार, फळीत घुसणार नाही की हवेत उडणार नाही. म्हणून एक अक्ष फळीच्या दिशेनं आणि दुसरा फळीला लंब घ्यायचा. मग मोडायचा राहतो तो फक्त वजनाचा बाण. त्याचा फळीच्या दिशेचा भाग म्हणजे वजन गुणिले कोनाची साइन, आणि फळीवर दाबणारा भाग म्हणजे वजन गुणिले कॉस.

साइन कुठं आणि कॉस कुठं, यात परीक्षेत हमखास गोंधळ होतो. पाठांतरापेक्षा एक खात्रीचा उपाय आहे. फळी मनात पूर्ण आडवी करा. कोन शून्य झाला. आडव्या फळीवर बोद आपण होऊन सरकत नाही, म्हणजे घसरवणारा भाग शून्यच हवा. शून्याची साइन शून्य आणि कॉस एक. तेव्हा घसरवणारी साइन, दाबणारी कॉस. ही तपासणी दहा सेकंदांत होते. ती प्रत्येक गणितात करायची सवय लागली, तर निम्म्या चुका कागदावर उतरतच नाहीत.

आता आकडे. हौद्याची उंची १.२ मीटर, बोद ४० किलोचा आणि फळीचा कोन २० अंश समजू. गोणपाट आणि लाकूड यांच्यातला घर्षणाचा गुणांक, बोद थांबलेला असताना ०.४ आणि सरकत असताना ०.३ धरू. बोद हलायचा असेल तर घसरवणारा भाग थांबलेल्या घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा हवा. वजन दोन्ही बाजूंना आहे, ते कटलं. उरला एकच प्रश्न: कोनाची टॅन ०.४ पेक्षा मोठी आहे का? २० अंशांची टॅन ०.३६. बोद जागचा हलणार नाही.

इथं दुसरी मोठी चूक होते. बोद थांबलेला असताना घर्षण किती, या प्रश्नाला मुलं ‘गुणांक गुणिले लंब जोर’ असं उत्तर देतात. ती तर कमाल मर्यादा झाली. थांबलेलं घर्षण गरजेपुरतंच लागतं. इथं घसरवणारा भाग १३४ न्यूटन आहे, तर घर्षणही १३४ न्यूटनच. मर्यादा १४७ ची आहे, पण तितकं घर्षण खरोखर लागलं असतं तर बोद आपोआप फळीवर चढू लागला असता.

फळी आखूड घेऊन कोन २५ अंशांचा केला, की टॅन ०.४७ होते आणि बोद सुटतो. सुटल्यावर सरकतानाचा गुणांक, म्हणजे ०.३, वापरायचा. ९.८ ला साइन वजा ०.३ गुणिले कॉस यानं गुणलं, की त्वरण दर सेकंदाला सुमारे १.५ मीटर प्रतिसेकंद येतं. फळी २.८ मीटर लांब. खाली पोचायला दोन सेकंद लागतात आणि शेवटचा वेग सेकंदाला २.९ मीटर. बोद ४० ऐवजी ८० किलोचा घेतला तरी यातला एकही आकडा बदलत नाही. या प्रयोगाला कोनमापकही लागत नाही. फळीचं एक टोक हळूहळू उचलत जा. वस्तू सुटली त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं अंतर, हाच थांबलेल्या घर्षणाचा गुणांक. कोणत्याही शाळेत तो मोजता येईल.

तोच बोद २० अंशांच्या फळीवरून वर ढकलायचा म्हटलं तर? आता बोद वर सरकतो, म्हणून घर्षण खाली लागतं. घर्षण नेहमी उताराच्या वरच्या दिशेनं असतं, असा समज इथं मोडतो. ते सरकण्याच्या विरुद्ध असतं, चढाच्या बाजूचं नव्हे. लागणारा जोर सुमारे २४५ न्यूटन. सरळ उचलायला ३९२ लागले असते. हमालाच्या कमरेवरचा भार कमी झाला, पण फळीची लांबी साडेतीन मीटर असल्यानं एकूण काम मात्र ८५८ ज्यूल होतं, आणि सरळ उचलण्याचं फक्त ४७०. उतरण जोर वाचवते, कष्टाची बेरीज वाचवत नाही. उलट घर्षणाचा वाटा वरून घेते.

उतरणीचा याहून चतुर वापर आपल्या शेतकऱ्यांनी विहिरीवर केला होता, आणि पुस्तकांत त्याला जागा मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. विजेचे पंप आणि इंजिनं येण्यापूर्वी या भागात पाणी मोटेनं काढत. विहिरीच्या काठापासून बैलांसाठी धाव केलेली असे, आणि ती विहिरीपासून दूर जाताना खाली उतरती असे. भरलेली मोट वर येताना बैल धावेवरून खाली चालत. दोन बैलांचं मिळून वजन ७०० किलो आणि धावेचा उतार १० अंशांचा धरला, तर वजनाचा उताराच्या दिशेचा भाग सुमारे १२० किलोचा होतो. मोटेत १५० लिटर पाणी असेल, तर त्यातल्या बहुतेक भाराला बैलांचं नुसतं वजनच पुरतं. खुरांनी रेटा द्यायचा तो उरलेल्या तीसेक किलोंसाठी आणि चाकाच्या घर्षणासाठी. सपाट जमिनीवर पूर्ण दीडशे किलो त्यांना पायांनीच ओढावे लागले असते. हे काम फुकट होत नव्हतं. मोट थारोळ्यात रिकामी झाल्यावर बैल मागं मागं सरकत धाव चढायचे, तेव्हा ते स्वतःचं वजन वर उचलून ठेवत. एका दमाचे कष्ट दोन हप्त्यांत वाटले गेले. इथं बैलांचं वजन कटत नाही, कारण उतरणारे बैल वेगळे आणि चढणारं पाणी वेगळं. ज्याचं वजन ओढतं आणि ज्याला ओढायचं आहे, ती दोन्ही एकच वस्तू असेल तरच वस्तुमान कटतं. हे वाक्य घाटात उपयोगी पडेल.

आता तवंदीकडं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलखातल्या रस्त्यांसाठी ३० ला १ आणि डोंगराळ मुलखासाठी २० ला १ असा चढ नेहमीचा मानतात. घाटाचा उतार जागोजाग बदलतो, म्हणून हिशेबाला २० ला १ घेऊ. म्हणजे वीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर खाली. हा कोन तीन अंशांपेक्षाही कमी. रबर आणि कोरडा रस्ता यांच्यात गुणांक ०.६ धरला, तर टायर घसरायला ३१ अंशांचा उतार लागेल. ओल्या रस्त्यावर ०.३५ धरला तरी १९ अंश. याचा अर्थ असा, की चाकं आवळून उभा केलेला ट्रक तवंदीत कधीच घसरणार नाही. बातमीत ‘घसरला’ असं छापून येतं, पण घाटात ट्रक घरंगळतो.

घरंगळणं ही वेगळी गोष्ट आहे. फिरत्या चाकाला रस्त्याचा विरोध फार थोडा, वजनाच्या साधारण एक टक्का. उतार पाच टक्के, विरोध एक टक्का, उरले चार. त्वरण ०.३९. गॅलिलिओनं १६३८ मध्ये लायडनला छापून घेतलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात लाकडी पन्हळीतून घरंगळणाऱ्या ब्राँझच्या गोळ्याचा प्रयोग सांगितला आहे. सरळ पडणारी वस्तू डोळ्यांनी मोजायला फार वेगवान, म्हणून त्यानं उतरण घेऊन गुरुत्वाला मंद केलं, आणि वेळ भांड्यातून बारीक धारेनं पडणाऱ्या पाण्याचं वजन करून मोजला. सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे त्यानं दाखवलं. तोच नियम घाटात लावून पाहा. हँडब्रेक न लावता उभा केलेला ट्रक सुटला, तर पहिल्या दहा सेकंदांत तो २० मीटर जातो, पुढच्या दहांत ५९, मग ९८, मग १३७. पहिल्या दहा सेकंदांत धावत जाऊन चाकाखाली दगड टाकता येईल असं वाटतं. चाळीस सेकंदांनंतर वेग ताशी ५६ किलोमीटर असतो, आणि एक किलोमीटर उतरल्यावर ताशी शंभर. ट्रक रिकामा असला तरी आकडे हेच. इथपर्यंत पुस्तकाची बाजू खरी.

ड्रायव्हरची बाजू ऊर्जेच्या हिशेबात आहे. एकूण ४० टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर खाली उतरतो, म्हणजे रस्त्यानं दोन किलोमीटर. उंचीची जी ऊर्जा सुटते, तिचा पाचवा भाग टायरांच्या विरोधात जातो. ताशी ४० चा वेग कायम ठेवायचा असेल, तर उरलेली ३ कोटी १४ लाख ज्यूल ऊर्जा कुणीतरी गिळली पाहिजे. १०० लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला नेमकी इतकी उष्णता लागते, आणि घाटात त्यासाठी वेळ मिळतो तीन मिनिटांचा. केवळ पायाच्या ब्रेकनं उतरलं, तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जमा होते. ट्रक रिकामा, १२ टनांचा असेल, तर ३० लिटर पाण्याइतकी. ड्रम मात्र दोन्ही वेळा तेवढेच, तेवढ्याच लोखंडाचे. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरचा घर्षण-गुणांक घसरतो, आणि पेडल खालपर्यंत दाबलं तरी पकड येत नाही. वेगाच्या समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंना होतं म्हणून कटलं. इथं एका बाजूला ट्रकचं वस्तुमान आहे आणि दुसऱ्या बाजूला ड्रमचं. ती दोन वेगळी वस्तुमानं आहेत, ती कटणार कशी?

म्हणूनच ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पक्का शास्त्रीय आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा विरोध ऊर्जेचा मोठा वाटा घेतो आणि ती उष्णता इंजिनावाटे आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. शिवाय वेग अर्धा केला तर दर सेकंदाची उष्णताही अर्धी होते, ड्रमला थंड व्हायला अवधी मिळतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा इंजिनाचा हा वाटा स्वतःच्या हातानं काढून टाकतो. याच महामार्गावर पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडं लांब उतार आहे. तिथं २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकनं एकामागोमाग कितीतरी गाड्या चिरडल्या. तो उतार डोळ्यांना फारसा जाणवतही नाही, पण लांबीला मोठा आहे, आणि उष्णतेच्या हिशेबात एकूण उंची मोजली जाते, तीव्रता नव्हे.

हंगामात निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या पट्ट्यात रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. मागं दोन ट्रॉल्या, आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. इथं मोटेच्या बैलांचं गणित उलटं फिरतं. ओढणारं वजन दोन ट्रॉल्यांचं आणि ट्रॅक्टरचं मिळून, समजा २२.५ टन. थांबवणारं घर्षण मात्र फक्त ट्रॅक्टरच्या वजनावर, समजा अडीच टनांवर. २० ला १ च्या उतारावर टायरांचा विरोध वजा जाता खाली ओढ ०.९ टनाची. कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्टर जास्तीत जास्त दीड टनाचा विरोध करू शकतो. ताशी २५ च्या वेगातून थांबायला सुमारे ९० मीटर लागतात. तोच ट्रॅक्टर मोकळा असता तर चार-पाच मीटरांत थांबला असता. अवकाळी सर आली, गुणांक ०.३५ झाला, की विरोध ०.८७ टनावर येतो, ओढीपेक्षा कमी. चाकं पूर्ण आवळली तरी गाडी थांबणार नाही, आवळलेली चाकं फरफटत जातील. रस्ता चिखलानं माखला असेल तर वेग वाढतच जाईल. ब्रेक चांगले असूनही हे घडतं, आणि प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक हवेत या मागणीचं याहून स्पष्ट कारण मला माहीत नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवले, की तिचं स्वतःचं वजन तिच्याच घर्षणात येतं आणि वस्तुमान पुन्हा कटू लागतं.

रेल्वेनं हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. पोलादी चाकाला पोलादी रुळाचा विरोध टायरच्या काही पटींनी कमी. त्यामुळं खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याहून पुढं कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट ३७ ला १ असला, तरी रेल्वेच्या मानानं अतितीव्र समजला जातो. कोकण रेल्वे बांधताना १५० ला १ पेक्षा तीव्र चढ घेतलाच नाही. ब्रागांझाइतक्याच चढाच्या बोरघाटात उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग केलेली आहेत. आवरेनाशी झालेली गाडी मुख्य रुळावरून वळवून चढावर सोडायची, म्हणजे चढच तिला थांबवतो.

रस्त्यावर याच कल्पनेची सुटका-मार्गिका करतात: उताराच्या कडेला फुटणारा, वर चढणारा, जाड खडीचा पट्टा. तवंदीसारख्या घाटात ती किती लांब हवी, हे वाचकांनी स्वतः काढावं असं गणित आहे. ट्रक ताशी ७२ च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं आत शिरतो. नुसत्या चढावर थांबायला त्याला २० मीटर उंची चढावी लागेल. १० टक्के चढावर ती झाली २०० मीटरहून लांब वाट. सुट्या गोल खडीत चाकं रुततात आणि विरोध वजनाच्या सुमारे पाव पट होतो. चढाचे १० टक्के आणि खडीचे २५, मिळून ३५ टक्के. ९.८ ला ०.३५ नं गुणा, दुप्पट करा आणि २० च्या वर्गाला त्यानं भागा: ५८ मीटर. चाळीस टनांच्या कंटेनरलाही ५८ आणि बारा टनांच्या रिकाम्या ट्रकलाही तेवढेच. खडीचा विरोध चाकावरच्या वजनाच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून इथं वजन कटतं, आणि एकाच लांबीची मार्गिका दोघांनाही पुरते. मात्र वेग ताशी शंभर असेल तर लांबी ५८ ची जवळपास ११२ मीटर होते, म्हणून मार्गिका घाटाच्या तळाशी एकच न ठेवता ट्रकनं पूर्ण वेग घेण्याआधी, उताराच्या मध्यावरही एक ठेवावी लागते.